वेब दुर्बिणीच्या आरशावर सोने का?

प्रश्न: हबल दुर्बिणीच्या आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा लेप आहे, मग डिसेंबर २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीला सोन्याचा मुलामा कशासाठी? शिवाय काचेऐवजी बेरिलियम का निवडले, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: खर्चाची शंका असेल तर ती आधी दूर करतो. लेपाची जाडी अवघी १०० नॅनोमीटर असल्याने आरशाच्या अठराही तुकड्यांना मिळून सुमारे ४८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार तोळे सोने लागले. आपल्याकडच्या कित्येक लग्नांत याहून अधिक लागते! सोने निळा प्रकाश बराचसा शोषते, परंतु अवरक्त (तांबड्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे) किरण जवळजवळ सर्व परावर्तित करते, आणि वेब प्रामुख्याने याच किरणांत पाहते. अ‍ॅल्युमिनियमही तसे कमी नाही. मात्र प्रकाश एकामागून एक अनेक आरशांवरून जात असल्याने प्रत्येक ठिकाणची किरकोळ घटही शेवटी महागात पडते.

प्रतिसाद २: बेरिलियम हलके आणि ताठ असते, आणि उणे २२० अंश सेल्सिअसच्या खाली, म्हणजे वेबचा आरसा ज्या थंडीत काम करतो तिथे, त्याचा आकार फारसा बदलत नाही. तिथपर्यंत थंड होताना मात्र ते आक्रसते. म्हणून प्रत्येक तुकडा अतिशीत कक्षात ठेवून त्याची विकृती मोजली गेली आणि नंतर सामान्य तापमानाला तो नेमका त्या विकृतीच्या उलट घासण्यात आला. मला तर सोन्यापेक्षा हीच कारागिरी अधिक थक्क करणारी वाटते.

प्रतिसाद ३: पूरक माहिती: उबदार आरसा स्वतःच अवरक्त प्रकाश फेकतो, म्हणून पाच पदरी सौरकवच आहे. आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे मध्य-अवरक्त संवेदक तर हेलियमच्या शीतकाने ७ केल्विनच्या (सुमारे उणे २६६ अंश सेल्सिअसच्या) खाली ठेवावे लागतात.