पाकोळी आणि भिंगरी: एकच की दोन?

काही भागांत पाकोळी म्हणजे फुलपाखरू. तो अर्थ बोलीतला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पक्ष्यांविषयी लिहिताना पाकोळी (इंग्रजीतला स्विफ्ट) आणि भिंगरी (स्वॅलो) हे शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत, हे माझं ठाम मत. 'तारेवर ओळीने बसलेल्या पाकोळ्या' असं वाचलं की खटकतं, कारण पाकोळीला तारेवर बसताच येत नाही.

तिच्या पायाची चारही बोटं पुढे वळतात. त्यांनी उभ्या भिंतीला, कड्याला लटकता येतं. तार किंवा फांदी धरता येत नाही. भिंगरीची तीन बोटं पुढे आणि एक मागे, म्हणून ती तारेवर निवांत बसते. गणही निराळे: भिंगरी चिमणी-कावळ्यांच्या पॅसेरिफॉर्मिस गणातली, तर पाकोळी एपोडिफॉर्मिसमधली. म्हणजे तिचं जवळचं नातं थेट अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी! पाकोळी आणि भिंगरी दोघी उडता उडता किडे टिपतात, म्हणून रूप सारखं झालं, एवढंच. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेसुद्धा १७५८ साली युरोपातल्या पाकोळीला भिंगरीच्या हिरुंडो या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं होतं, तेव्हा घोटाळा काही आपलाच नाही.

'पायाला भिंगरी लागणे' यातली भिंगरी गरगरणारी, पक्ष्याचा तिथे संबंध नाही. पण भटकंतीचाच मान द्यायचा तर तो पाकोळीचा. त्या युरोपातल्या पाकोळीवर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पक्षी वर्षातले दहा महिने कुठे टेकलेच नव्हते.

घरट्यांतही फरक आहे. भिंगरी चिखलाच्या गोळ्या लिंपते. तारवाली भिंगरी तर पुलांखाली हमखास. पाकोळी हवेतच मिळवलेली पिसं, काडीकचरा लाळेने चिकटवते. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरच्या गुहांत राहणाऱ्या भारतीय पाकोळीच्या घरट्यात लाळ इतकी असते की सूपसाठी ती घरटी चोरीला जात.

हिंदीतला अबाबील मराठीत आणून उपयोग नाही, तो दोघींनाही चालवला जातो.

आकाशात असताना शेपटीवर विसंबू नका. माळभिंगरीची शेपटी दुभंगलेली, पण ताडपाकोळीचीही तशीच. पंख बघा: पाकोळीचे विळ्यासारखे अरुंद आणि ताठ.