मोंबासाच्या कांग्यावरील (बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या कापडावरील) वाक्याचा अर्थ कोणी सांगू शकेल काय?

प्रश्न (निवृत्त खलाशी, गुहागर)

एप्रिल १९७३ मध्ये आमचे मालवाहू जहाज कॉफीची पोती भरण्यासाठी केनियातील मोंबासाच्या किलिंडिनी बंदराला लागले होते. तिकडे मार्च ते मे या काळात पडणाऱ्या मोठ्या पावसाला मासिका म्हणतात. सर आली की पोती भिजू नयेत म्हणून हॅच (मालाच्या कोठाराचे झाकण) बंद करून काम थांबवावे लागे, त्यामुळे आठवड्याचा मुक्काम तीन आठवड्यांवर गेला. त्यातच विंचच्या तारेचा तुटका काटा माझ्या तळहातात खोल घुसला आणि मला डेकवरील कामातून सुटी मिळाली.

फेरीबोटीने खाडी ओलांडून मी लिकोनीला जाऊ लागलो. तेथे एक मुलगी आईसोबत महाम्री (तळलेल्या गोडसर पुऱ्या) आणि नारळाच्या रसात शिजवलेले तुरीचे दाणे विकत असे. वेलचीच्या आणि नारळाच्या त्या वासाने मला घराची इतकी आठवण झाली की पहिल्या दिवशी मी तेथे दोनदा जेवलो. मला स्वाहिली येत नव्हती आणि तिला हिंदी. पण चाय, गारी, दुका, पेसा हे शब्द दोघांनाही कळत, आणि आमचे बोलणे त्यांच्यापासूनच सुरू झाले. मी २२ वर्षांचा होतो. माझे तिच्यावर प्रेम होते, हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

शेवटच्या दिवशी तिने मला एक कांगा दिला. मी धक्क्यावर आलो तेव्हा फेरी थांबवून ठेवलेली होती, कारण मोठे जहाज बाहेर पडत असताना तिला वाट द्यावी लागते, आणि समोरून जाणारे ते जहाज माझेच होते. एजंटाने मला दार-एस-सलामला नेऊन पुन्हा जहाजावर चढवले आणि पगार कापला गेला. मोंबासाला मी पुन्हा कधीच गेलो नाही.

कांग्याच्या काठावर 'म्गेनी न्जो, म्वेन्येजी अपोने' असे छापलेले आहे. याचा अर्थ काय, आणि तिने ते मुद्दाम निवडले असेल काय?

उत्तर १ (निवृत्त इंजिनिअर, मुंबई)

किलिंडिनीतून समुद्रात जाणारे प्रत्येक जहाज लिकोनीच्या फेरीची वाट छेदूनच जाते, म्हणून आपण काय पाहिले असेल ते माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी पुढे कंटेनर जहाजावर त्याच बंदरात गेलो, तेव्हा गावात जाण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

उत्तर २ (मोंबासात १२ वर्षे वास्तव्य)

म्गेनी म्हणजे पाहुणा आणि म्वेन्येजी म्हणजे यजमान. अपोने हे 'बरे होणे' या अर्थाच्या क्रियापदाचे रूप आहे. आजारातून उठण्यासाठी तोच शब्द वापरतात. 'पाहुण्या, ये, म्हणजे घरच्याला बरे वाटेल' असा या म्हणीचा भाव आहे. कांगा रंगाइतकाच त्यावरील वाक्य वाचून निवडला जातो आणि तोंडाने सांगता न येणारी गोष्ट बायका त्यातून कळवतात, त्यामुळे तिने तो मुद्दाम निवडला, असेच मला वाटते. एक विचारू काय? कांगा जोडीने मिळतो. एकाच नक्षीचे आणि एकाच वाक्याचे दोन तुकडे सलग छापलेले असतात, आणि घरी आणल्यावर ते कापून कडांना टीप घालतात. आपल्याकडे किती तुकडे आहेत?

प्रश्नकर्ता

एकच आहे. त्याची एक कड कात्रीने कापलेली असून तिला टीप घातलेली नाही.