मंगळावरच्या एखाद्या विवराला हर्णैचं नाव का नको?

दर्यावर्दी:
मंगळावरच्या लहान विवरांना (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्यांना) पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात. वस्ती लाखाच्या आतली हवी. पर्सिव्हिअरन्स यान २०२१ मध्ये उतरलं ते जेझेरो विवर बोस्नियातल्या एका खेड्याच्या नावाचं. मग हर्णैने काय घोडं मारलंय? शिमग्याला चाकरमानी येतील तेव्हा सह्या घेऊ आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाला पाठवू. (हायवेच्या खड्ड्यांचे विनोद करून झालेत, परत नकोत.)

जांभादगड:
सह्यांनी काही होत नाही, दादा. त्या जागेवर संशोधन करणाऱ्याला गरज पडली की नाव ठरतं. संघाने स्पष्टच म्हटलंय की गावांची यादी नावं पुरवण्यापुरती आहे, कुठल्या गावाचा गौरव म्हणून नाही. हर्णै बंदरावर मासळीसाठी बर्फ वेळेवर येत नाही, त्यासाठी कधी सह्या घेतल्यात?

दर्यावर्दी:
बर्फाचा इथे काय संबंध? गौरव नाही, तर २०२४ मध्ये मंगळावरच्या विवरांना मुरसान आणि हिल्सा ही नावं कशी लागली? एक उत्तर प्रदेशातलं, एक बिहारमधलं.

जांभादगड:
अहो, तेच तर सांगतोय! अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतली मंडळी मंगळावरच्या ६५ किमी रुंदीच्या विवराचा अभ्यास करत होती. त्याला आता 'लाल' म्हणतात, शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांच्यावरून. मुरसान आणि हिल्सा ही साधारण १०-१० किमीची विवरं त्याच्याच काठावर आदळून झालेली. काठ मोडलाय म्हणजे ती नंतरची. असा क्रम लावून लिहायचं तर प्रत्येकाला नाव लागणारच. तुमच्याकडे कुठलं विवर आहे?

वाशिष्ठीकाठ:
दोघांनी जेझेरोचा फोटो तरी नीट बघितलाय का? ४५ किमी रुंद, म्हणजे चिपळूणहून गुहागर गाठाल एवढं. पश्चिमेकडून नदी काठ फोडून आत शिरली, तळं तुडुंब भरलं आणि पूर्वेकडून फुटून बाहेर पडलं. नदीच्या तोंडाशी गाळ पंख्यासारखा पसरलेला अजून दिसतो. ३५० कोटी वर्षांहून जुना आहे तो! यान त्या गाळासाठी गेलं, गावासाठी नाही. सह्यांना माझा विरोध.

मालवणी माणूस:
हर्णैच कित्याक? देवगड खय गेला? आंबो हर्णैत पिकता काय?

दर्यावर्दी:
देवगडवाल्यांनी वेगळा धागा काढावा. अर्जाचा मसुदा रविवारी टाकतो. जांभादगड, शुद्धलेखन तुम्हीच तपासा.