मदत हवी आहे: रात्रीचं जेवण साडेदहाला, सकाळी उठवत नाही, सवयींची सुरुवात कुठून करू? (कोल्हापूर)

पेठेतला:
नमस्कार मंडळी. वय ४३, बैठं काम, घरात चौघं. शुगर-बीपी अजून नॉर्मल, पण पोटाचा घेर ९६ सेंमी आणि सकाळी अंग आंबलेलं. सध्याचा दिवस असा:
७.३० उठणं, लगेच चहा
९.०० पोहे किंवा चहा-चपाती, रविवारी मिसळ
दिवसात पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, शेवटचा संध्याकाळी ६ ला
१०.३० जेवण, मग १२ पर्यंत मोबाईल
रंकाळा तलावावर फिरणं, योगासनं, साखर बंद, सगळं एक तारखेला सुरू होतं आणि आठवड्यात बंद पडतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. पावडरी, महागडे डबे नकोत. रोज काय आणि किती करायचं ते नेमकं सांगा. आणि साखरेऐवजी गूळ चालेल ना?

घड्याळवाली:
सकाळचं सगळं तूर्त बाजूला ठेवा. तुमची सकाळ रात्री साडेदहाला बिघडते. भरल्या पोटी झोप नीट लागत नाही, उठायला उशीर होतो, मग फिरायला वेळच उरत नाही.

जेवण एकदम साडेआठवर आणू नका. त्या वेळी भूक नसते, बळेच थोडं खाल्लं जातं आणि अकराला फरसाणाचा डबा उघडतो. दर चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, महिन्याभरात साडेआठ गाठाल. संध्याकाळी साडेपाचला मूठभर (साधारण ३० ग्रॅम) भाजलेले फुटाणे किंवा शेंगदाणे खा.

सहाचा चहा बंद, शेवटचा दुपारी ३ ला. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं. चहा आणि जेवण यात तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. उठल्यावर तासाभरात १०-१५ मिनिटं गच्चीवर किंवा दारात उजेडात उभं राहा. हा उजेड झोपेचं घड्याळ लावण्यासाठी. कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, त्याला ऊन चढावं लागतं.

पेठेतला:
ताई, सगळं पटलं. पण ऑफिस आठला सुटतं, घरी पोहोचायला पावणेनऊ. साडेआठ जमायचं कसं?

घड्याळवाली:
मग जेवण दोन भागांत करा. भाकरी-भाजीचा छोटा डबा ऑफिसातच ७ ला. घरी ९ ला वाटीभर आमटी, काकडी-टोमॅटो, हवं तर दोन घास भात. साडेपाचचे फुटाणे मग वगळा, नाहीतर ते जास्तीचंच खाणं होईल. जेवण आणि झोप यात दोन तास राहिले की पुरे.

मिठाची_पुडी:
गुळाचं आधी. कोल्हापुरी गुळाचा अभिमान मलाही आहे, पण रक्तातली साखर वाढवण्यात गूळ मागे नाही. साखर-गूळ मिळून दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे सपाट पाच-सहा चमचे, यात भागवा. तुमचे चहातच दहा होतात. दर आठवड्याला प्रत्येक कपातला पाव चमचा कमी करा. जिभेला कळत नाही, एकदम बंद केली की कळतं.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं. रोज मोजत बसायला नको: एक किलोची पिशवी फोडली की पेनानं तिच्यावरच तारीख लिहा. चौघांत ती किमान ५० दिवस टिकायला हवी. तेलाचंही तसंच, माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे तुमच्याकडे दोन लिटर. गंमत अशी की बाहेरचं खाणं वाढलं की पिशवी जास्त टिकते आणि आपण खूश होतो. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ त्या पिशवीत नसतं.

मिसळ सोडा असं कोल्हापुरात कोण सांगणार! कट, म्हणजे वरचा तेलकट तवंग, न घेता खालचा रस्सा घ्या, मोड जास्त मागा, फरसाण निम्मं, ब्रेड दोनच स्लाइस. दुसऱ्यांदा रस्सा घेऊ नका, तेल-मीठ तिथंच दुप्पट होतं.

तालमीतला:
भावा, पाऊस लागला की रंकाळा बंद, पण घरातली खुर्ची काय भिजत न्हाई. बिनचाकाची खुर्ची भितीला टेकवायची, हात छातीवर बांधायचं आणि उठबस करायची, १० वेळा, मिनिटभर दम, परत १०. बसताना धपकन पडायचं न्हाई, तीन मोजत खाली यायचं. मग भितीवर हात टेकून १० जोर. आठवड्यातनं तीन दिवस बास.
तालमीतली बैठक लगेच मारू नगा. ती टाचा उचलून मारत्यात, सराव नसला की गुडघा धरतोय.
चालायचं ३० मिनिटं, आठवड्याला पाच दिवस. वेग असा की बोलता आलं पायजे, गाणं म्हणता येऊ नये. जेवल्यावर मात्र रमतगमत, १० मिनिटं. छातीत दाबल्यागत झालं, चक्कर आली तर थांबायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा.

गंगावेस_गल्ली:
मध्येच विचारतो. रात्री कट्ट्यावर ताजं काढलेलं म्हशीचं दूध पितो, एक ग्लास. ते या हिशोबात कुठं बसतं?

मिठाची_पुडी:
पाव लिटर म्हशीच्या दुधात साधारण २५० कॅलरी, म्हणजे दोन-अडीच चपात्यांएवढ्या. जेवणावर वरून पीत असाल तर जेवण तेवढं कमी करा. आणि न उकळलेलं नको. ताजेपणानं जंतू मरत नाहीत, ब्रुसेलोसिस (जनावरांपासून येणारा तापाचा आजार) आणि क्षय कच्च्या दुधातून येऊ शकतात. उकळून घेतलं तर प्रथिनं, कॅल्शियम काही जात नाही.

पेठेतला:
सर्वांचे आभार. सोमवारपासून दोनच गोष्टी: ७ चा डबा आणि ३ नंतर चहा नाही. मीठ-तेलाच्या पिशव्यांवर आत्ताच तारखा टाकल्या. खुर्ची कधीपासून?

घड्याळवाली:
तीन आठवड्यांनी. घेर आज पुन्हा मोजा, शर्टावरून मोजला असेल तर तो आकडा धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. पुरुषांना ९० च्या आत, बायकांना ८० च्या. पुढचं माप महिन्यानं, तेही सकाळी, काही खायच्या आधी.