बारमध्ये नागरी हक्क गट काढायचाय, सुरुवात कुठून करावी? (शिवाजीनगर, पुणे)

काळा_डगला

शिवाजीनगर न्यायालयात प्रॅक्टिस करणारे आम्ही आठ वकील बारच्या (वकील संघटनेच्या) छत्राखाली नागरी हक्कांचा गट काढतोय. पाच जण फौजदारीतले, दोन कौटुंबिक, एक निव्वळ दिवाणी. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, हार, व्याख्यान, फोटो आणि चहा एवढ्यावर थांबायचं नाही. रात्री कुणाला उचललं तर ठाण्यात जाणारं माणूस हवं, असं डोक्यात आहे. नोंदणी करावी लागेल का? वस्त्यांमध्ये आमचे नंबर छापलेलं पत्रक वाटलं तर चालेल? ठाण्यात गेल्यावर पहिल्या तासात नेमकं काय बघायचं? आणि येरवडा तुरुंगातल्या कच्च्या (खटला न संपलेल्या) कैद्यांसाठी आठ माणसांत काय जमेल?

रिमांड_रूम

रात्रीचं आधी सांगतो, कारण असे गट तिथेच तरतात किंवा बुडतात. सात रात्री सात जण, आठवा राखीव. दिवाणीवाल्यालाही पाळी लावा. पहिल्या तासात युक्तिवाद नसतोच, वेळा टिपायच्या असतात. फोन आला की लगेच लिहून घ्या: कुठून नेलं, किती वाजता, कोणी पाहिलं, कोणतं ठाणं. घरच्यांनी एकमेकांना पाठवलेले मेसेज पुसू नयेत हेही तेव्हाच सांगा.

ठाण्यात पहिलं उत्तर ठरलेलं: 'अटक नाही, चौकशीला बोलावलंय.' मग शांतपणे विचारायचं, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस दिली का? साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर १७९ ची? बाई, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या पुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही, हे १७९ मध्येच आहे. नोटीस नाही आणि माणसाला उठून घरीही जाता येत नाही, तर तो अटकेतच आहे. कलम ५८ चे (मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचे) २४ तास तेव्हापासून धरावेत असं रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात हजर करण्याच्या, वेळी लेखी मांडा. तोंडी मांडलेलं रोजनाम्यात (कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत) येईलच असं नाही.

अटक दाखवली असेल तर सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे अटकेची कारणं. तो हातात घेऊन नीट वाचा. बहुतेक वेळा छापील मजकूर असतो: आरोपी पळून जाण्याची शक्यता, पुराव्यात ढवळाढवळ होऊ नये, सखोल तपास करणे आहे. ही वाक्यं कुणाच्याही कागदावर चालतील. या माणसाने कोणत्या तारखेला काय केल्याचा आरोप आहे, त्याचं नाव तपासात कशावरून आलं, हे त्यात नसेल तर कारणं दिलेलीच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालात स्पष्ट केला. नोव्हेंबर २०२५ च्या मिहिर शहा निकालाने तर सगळ्याच गुन्ह्यांत कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायला सांगितली. अटकेच्या वेळी लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगून, रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद मिळायला हवा. म्हणून आरोपीला एकच शिकवा: कागद मिळाला की सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ लिही. वेळ नसली की पुढे 'कागद अटकेच्या वेळीच दिला होता' असं उत्तर येतं आणि आपल्या हातात काही उरत नाही.

चाकण-हडपसरच्या बांधकामावरच्या ओडिया किंवा बिहारी मजुराला मराठी कागद दिला तर मुद्दा भक्कम आहे, पण त्याला मराठी वाचता येत नाही हे पहिल्या रिमांडलाच नोंदवून घ्या.

वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. चौकशी चालू असताना भेट मिळते, पण पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही. तिथे हटून बसण्यात रात्र घालवू नका. भेट नाकारली तर दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोहोच मागा. पोहोच नाकारली तर तिथूनच ठाण्याच्या आणि उपायुक्त कार्यालयाच्या ईमेलवर तो पाठवा. पाठवल्याची वेळ हीच पोहोच.

नियम_छत्तीस

नोंदणीचं थोडक्यात. बारची उपसमिती असाल तर कार्यकारिणीचा ठराव पुरे. स्वतःचं खातं काढून देणग्या घ्यायच्या असतील तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, किमान सात सभासद, आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणूनही नोंद. दरवर्षीचं ऑडिट आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याची कळवणी) मागे लागतात. पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका.

पत्रकाचं मात्र जपून. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही. पत्रकावर आठ वकिलांची नावं आणि मोबाइल छापले की हेतू कितीही चांगला असो, तक्रारीला जागा होते, आणि तक्रार बहुधा बारमधूनच येते! पत्रकावर हक्कांची माहिती आणि विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० छापा. गटाचा एकच सामायिक नंबर बारच्या सूचनाफलकावर लावा. आणि लेखी नियम करा की रात्रीच्या फोनवरून आलेली केस पाळीवरच्या वकिलाने फी घेऊन चालवायची नाही. हा नियम नसेल तर सहा महिन्यांत गटाला 'केसेस ओढणारी टोळी' म्हणतील, आणि त्यात फार चूक नसेल.

येरवडा_फेरी

कच्च्या कैद्यांच्या बाबतीत विधी सेवा प्राधिकरणाला समांतर दुकान मांडू नका. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पॅनेलचे वकील, लीगल एड डिफेन्स कौन्सेल (प्राधिकरणाने नेमलेले बचावाचे वकील) आहेतच. अडतं ते जामीन मंजूर झाल्यावर. आदेश झालाय, १५ किंवा २५ हजारांचा ऐपतदार जामीनदार हवा, आणि माणूस भाड्याच्या खोलीत राहणारा परगावचा. जामीनदाराकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, पगारपत्रक मागतात. कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही लागतो. यांपैकी एक कागद अडला की माणूस महिनोन् महिने आत.

इथे आठ वकील पुष्कळ काही करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. प्राधिकरणाकडून ती यादी दर महिन्याला मिळवा आणि प्रत्येक नावासाठी अट बदलण्याचा अर्ज द्या: जातमुचलका (जामीनदाराशिवाय स्वतःचंच हमीपत्र), नाहीतर बीएनएसएस कलम ४९० खाली रोख रक्कम. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवड्यात जामीनदार मिळाला नसेल, तर ४७८ प्रमाणे तो माणूस निर्धन समजला जातो आणि जातमुचलक्यावर सुटू शकतो.

दुसरं, बीएनएसएस कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, इतरांनी निम्मा, की जामिनाचा हक्क. फाशी किंवा जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या, म्हणजे बीएनएसएस लागू होण्याआधीच्या, केसेसनाही हे लागू आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट झालंय. अर्ज फसतात ते एका कारणाने: त्याच माणसावर दुसरी केस प्रलंबित असते आणि ४७९(२) आडवं येतं. आधी तुरुंगातून कोठडीचा दाखला घ्या, त्यावर सगळे गुन्हा क्रमांक असतात. मग गणित करा.

रिमांड_रूम

@येरवडा_फेरी, बरोबर. एक भर घालतो. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणाऱ्या जामिनासाठी वेगळं कॅलेंडर ठेवा. पहिल्या रिमांडचा दिवस मोजायचा असतो, अनेक जण तो सोडून मोजतात. अर्ज त्या सकाळीच टेबलावर हवा, कारण आधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क गेला. शिवाय आता एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली म्हणजे पीसीआर (पोलीस कोठडी) संपली असं नाही. १५ दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. घरच्यांना हे आधीच सांगा.

कॅमेरा_चालू_आहे

मारहाणीची तक्रार असेल तर दोन गोष्टी त्याच दिवशी. मॅजिस्ट्रेटसमोर आरोपीने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि कलम ५३ च्या वैद्यकीय तपासणीत जखमा नोंदवून घ्यायच्या. डॉक्टरसमोर पोलीस उभा असेल तर तेही अर्जात लिहा. दुसरं, फुटेज. परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे ठाण्यातलं फुटेज १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचं आहे. 'सगळं फुटेज द्या' असा अर्ज कचऱ्यात जातो. लॉकअपची बाजू, ठाणे अंमलदाराचं टेबल, तारीख, अमुक ते अमुक वेळ, असं लिहून ते जतन करण्याची मागणी करा आणि तोच अर्ज कोर्टातही द्या. माहिती अधिकारात मागत असाल तर एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माणूस अजून कोठडीत असेल तर जीवित-स्वातंत्र्याचा मुद्दा लिहून ४८ तासांत उत्तर मागा, नाहीतर ३० दिवस गेलेच.

काळा_डगला

सगळ्यांचे आभार. नियम ३६ चं लक्षातच आलं नव्हतं, पत्रक छापायला गेलं होतं ते थांबवलं. तडीपारीच्या नोटिसा आणि मोर्च्यातल्या धरपकडीत गटाने पडावं का?

रिमांड_रूम

पडा, पण दोन्हीची तऱ्हा वेगळी. मोर्च्यात बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ६८ लावून ताब्यात घेतात आणि ६९ प्रमाणे संध्याकाळी सोडतात. तिथे वकिलाचं काम म्हणजे नावांची यादी, गाडीचा क्रमांक, नेलेलं ठाणं, सुटल्याची वेळ. ३७(३) चा जमावबंदी आदेश होता का आणि त्याची मुदत संपली नव्हती ना, हे आधी बघा. आयुक्तांचा हा आदेश १५ दिवसांपुरता असतो.

तडीपारीत त्याच अधिनियमाच्या कलम ५९ च्या नोटिशीला उत्तर देतानाच बाजी लागते, आणि लोक तिथे वकिलाविना जातात. गुन्हे किती जुने, गोपनीय साक्षीदारांच्या जबाबांचा सारांश दिलाय का, एका वस्तीतल्या भांडणासाठी सगळा जिल्हा का, आणि पूर्ण दोन वर्षं का. दोन वर्षांची कारणं आदेशात हवीतच, २०२२ च्या दीपक डोंगरे निकालात ते आलंय. आदेशाविरुद्ध कलम ६० चं अपील ३० दिवसांत राज्य शासनाकडे. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करायची तर मुंबईलाच जावं लागेल. ऑगस्ट २०२५ पासूनच्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये पुणे जिल्हा नाही.