आकडे मर्यादेत, पण रुग्ण अस्वस्थ: डॉक्टरांना कळवायचे कसे?

प्रश्न (रात्रपाळीची परिचारिका):
पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री आमच्या वॉर्डातील एक रुग्ण सारखे कूस बदलत होते, सलाईनची नळी चाचपत होते आणि ‘काहीतरी बरं वाटत नाही’ एवढेच सांगत होते. नाडी ९६, रक्तदाब ११८/८६, ऑक्सिजन ९६ टक्के, श्वसनगती १८. ड्यूटी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ‘सगळं नॉर्मल आहे, लक्ष ठेवा’ असे उत्तर मिळाले आणि पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. पहाटे रक्तदाब उतरला आणि आत रक्तस्राव होत असल्याचे निष्पन्न झाले. रुग्ण आता सावरले आहेत, पण मला जे जाणवत होते ते मी कसे मांडायला हवे होते?

प्रतिसाद १:
सिस्टर, आकडा मर्यादेत आहे की नाही यापेक्षा तो त्या रुग्णाच्या आधीच्या नोंदींपासून किती सरकला, हे पाहावे. सायंकाळी नाडी ७२ आणि रक्तदाब १२४/७४ असेल, तर तुमच्या ९६ आणि ११८/८६ चा अर्थच बदलतो: नाडी २४ ने वाढली आणि वरच्या-खालच्या रक्तदाबातील अंतर ५० वरून ३२ वर आले. रक्त कमी होऊ लागले की शरीर रक्तवाहिन्या आकसून आणि नाडी वाढवून रक्तदाब धरून ठेवते. प्रौढ व्यक्तीचे १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा बहुधा टिकतो, अस्वस्थता मात्र त्याआधीच दिसू लागते. (बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी औषधे, घेणाऱ्यांची नाडी तेवढी वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या.) श्वसनगतीच्या १८ वर तर माझा सहसा विश्वासच बसत नाही; तो आकडा बऱ्याचदा न मोजताच लिहिलेला असतो. रुग्णाच्या लक्षात येऊ नये म्हणून मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखे उभे राहावे आणि छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी.

प्रतिसाद २:
वरील मुद्दे योग्यच आहेत, पण फोनवर मागणी आधी यावी: ‘डॉक्टर, आपण येऊन रुग्णाला पाहावे, मला रक्तस्रावाची शंका आहे.’ त्यानंतर नाडीतील वाढ, हातपाय गार आहेत का, पोट ताठरले आहे का आणि लघवी ताशी दर किलो वजनामागे ०.५ मिलीपेक्षा कमी झाली आहे का, ते सांगावे. तरीही ‘लक्ष ठेवा’ असेच उत्तर आले, तर किती वेळाने आणि कोणत्या आकड्यावर पुन्हा कळवायचे ते विचारून, वेळेसह लिहून ठेवावे आणि शंका फिटली नाही तर वरिष्ठांना कळवावे.

प्रतिसाद ३:
सोबतच्या नातेवाइकांनाही आधीच समजावून ठेवावे. ‘काही वाटलं तर सांगा’ म्हटले की सगळे मान डोलावतात. त्याऐवजी ‘कोणत्या गोष्टी दिसल्या तर मला उठवाल?’ असे विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

प्रश्नकर्ती:
चार्ट पुन्हा पाहिला. सायंकाळी नाडी ७४ होती. श्वसनगती मात्र सहाही नोंदींत १८ आहे, आणि त्यांतील दोन नोंदी माझ्याच अक्षरातल्या आहेत.