आईची शुगर कंट्रोलमध्ये आली पण आई घाबरून घरातच बसलीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचंय. वय ६६, डायबेटीस साधारण पंधरा वर्षांपासून, बीपी पण आहे. आईबाबा दोघंच कराडला असतात, मी पिंपरीत, दादा बेंगळुरूला. मागच्या वर्षी तिचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ९.४ आला म्हणून डॉक्टरांनी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराईडच्या गोळीबरोबर रात्रीचं ग्लार्जिन इन्सुलिन चालू केलं, डोस हळूहळू वाढवत नेला आणि आता रिपोर्ट आलाय ६.६. सगळे खूश. दादाने फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला, मावश्यांनी टाळ्या पाठवल्या. पण आईकडे बघितलं की रडू येतं हो.

झालंय असं की पहाटे तीनच्या आसपास तिला दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, हात थरथरतात, मीटरवर बघितलं तर ५८, एकदा तर ५१. रोज नाही होत पण कधी होईल याचा नेम नाही. त्यामुळे आता ती झोपायच्या आधी शुगर कितीही असो एक बेसनलाडू खाऊनच झोपते, मग सकाळी उपाशीपोटी २००च्या वर, मग बाबा चिडतात, मग ती दुपारची भाकरी अर्धी करते, की परत रात्री लो. बाबांचं वय ७२, तेही रात्री उठून तिला हात लावून बघतात की घाम आलाय का.

आणि बाहेर जाणं तर बंदच झालंय. रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जायची, ते सोडलं, रस्त्यात चक्कर आली तर? भजनी मंडळ सोडलं. बायका पंढरपूरला निघाल्या होत्या, ही ऐनवेळी नाही म्हणाली. लग्नाला पण येत नाही, म्हणते जेवायला बसले की सगळे माझ्या ताटात बघतात. आणि खरंय ते, वाटीत चमचाभर श्रीखंड दिसलं की कोण ना कोण बोलतंच.

तर मला विचारायचंय की ही लो व्हायची भीती तुमच्याकडे कुणाची गेली का आणि कशी गेली? डॉक्टरांना नेमकं काय विचारू? पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे, तोवर थांबू का? रात्री लाडू खाणं बरोबर की चूक? आणि बाबांना, नातेवाईकांना कसं सांगायचं? प्लीज "गोड बंद करा, चालायला सांगा" असं लिहू नका, ते तिला पाठ आहे.

---

टाइपवन_नाशिक:

ताई, आधी एक, दोन महिने थांबू नका. या आठवड्यातच फोन करून सांगा की रात्री ५१ आली होती. ५४ च्या खाली गेलेली शुगर डॉक्टरला कळायलाच हवी, त्यांच्याकडे फक्त ६.६ चा कागद पोचलाय म्हणून ते व्हेरी गुड म्हणत असतील. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी आहे, रात्री ५० आणि सकाळी २२० असली तरी सरासरी छानच दिसते, त्यात वर-खाली काही कळत नाही. मी लहानपणापासून इन्सुलिनवर आहे, माझे सगळ्यात सुंदर रिपोर्ट आले ते माझ्या सगळ्यात वाईट महिन्यांत.

दुसरं म्हणजे ग्लिमेपिराईड आणि इन्सुलिन दोन्ही शुगर खाली ओढणारे आहेत. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा लो होत नाही. त्यात ग्लिमेपिराईड वयस्कर माणसात, आणि किडनी थोडी कमी काम करत असेल तर, शरीरात जास्त वेळ रेंगाळते. आईंचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं? ते घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, इन्सुलिन चालू असताना ही गोळी लागतेच का, कमी करता येईल का. स्वतःहून मात्र गोळी किंवा डोस बदलू नका.

लाडवाबद्दल. लो झाल्यावर लाडू, चॉकलेट, दूध नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात यायला उशीर होतो आणि तोवर माणूस घाबरून अजून खातो. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, मग १५ मिनिटं थांबून परत मीटर, अजून खालीच असेल तर परत तेवढंच. वर आली की अर्धी भाकरी किंवा दोन बिस्किटं. हे उशाशी झाकणाच्या डब्यात ठेवा, बाबांना एकदा करून दाखवा. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, सरळ दवाखाना. ग्लिमेपिराईडमुळे झालेली लो काही तासांनी परत येऊ शकते त्यामुळे बरं वाटलं तरी त्या दिवशी एकटं सोडू नका.

अजून एक, पोटावर जिथे सुई घेतात तिथे बोटाने दाबून बघा, टणक गाठी लागतायत का. रोज एकाच जागी टोचलं की गाठ होते, तिथून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं कधी एकदम. जागा बदलत राहायच्या, बेंबीजवळची दोन-तीन बोटं सोडून. सुया पण परत परत वापरू नका, माहितीये महाग पडतात, पण खरंच नका.

---

माणदेशी_आबा:

मी स्वतः ७१, शुगर वीस वर्षं. माझ्या डॉक्टरने मला सांगितलं की आबा तुम्हाला ६.५ कशाला पाहिजे, साडेसात चालेल. प्रत्येकाचं टार्गेट एक नसतं. वय झालेलं, सोबत बीपी-किडनीचं काही असेल, वारंवार लो होत असेल तर ८ च्या आत असलं तरी चालतं असं बरेच डॉक्टर मानतात. तेव्हा "आईसाठी किती बरोबर" हा प्रश्न कागदावर लिहून न्या. मला ते साडेसात ऐकून इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला गेलो.

एकादशी-चतुर्थी करतात का त्या? उपासाला गोळी नेहमीएवढी आणि पोटात काही नाही, यात दुपारीच लो होते. आणि मग फराळाला बशीभर साबुदाणा, तो निव्वळ स्टार्च, शुगर वर. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, आमच्या घरी कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. पण उपासाच्या दिवशी डोस किती घ्यायचा हे डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या. भगर कमी, सोबत दाण्याची आमटी, दही, काकडी असं करता येतं.

फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी आणि निघायच्या आधी एकदा मीटर. ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघतो. आणि चप्पल कधी काढायची नाही, घाटावर सुद्धा, पायाला लागलेलं आपल्याला कळत नाही.

---

शमा_लातूर:

मी डायबेटीस एज्युकेटर म्हणून काम करते. ताई, आईंना जे होतंय त्याला डायबेटीस डिस्ट्रेस म्हणतात, हे डिप्रेशनच असेल असं नाही, रोजच्या मोजमापाने आणि बोलण्यांनी माणूस थकतो ते हे. त्यासाठी १७ प्रश्नांची एक प्रश्नावली पण आहे, त्यात आजाराचा मानसिक भार, डॉक्टरांशी नातं, पथ्य-औषधांचा भार आणि घरच्यांचं वागणं असे चार भाग आहेत. घरच्यांचं वागणं हा वेगळा भाग ठेवावा लागला यावरूनच समजा. पण झोप, भूक, रडू येणं हे फारच असेल तर डिप्रेशनसाठीही दाखवा, दोन्ही सोबत असू शकतं.

बाबांशी एकट्याने बोला. त्यांनाही भीतीच वाटतेय, ती रागातून बाहेर येतेय. त्यांना काम द्या, नजर ठेवायचं नाही, कामाचं. म्हणजे वहीत आकडा लिहिणं, स्ट्रिप संपत आल्या की आणणं. आकडा बघून "काय खाल्लंस" हा प्रश्न घरातून बंद. आणि रोज फक्त उपाशीपोटीच तपासत असाल तर तेवढ्याच स्ट्रिपमध्ये एक दिवस जेवणाआधी आणि दोन तासांनी, एक दिवस झोपताना, आठवड्यातून एखाद्या रात्री तीनला असं वाटून घ्या, डॉक्टरला जास्त कळेल. टोचताना बोटाच्या टोकावर नको, कडेला, कमी दुखतं.

जमलं तर एकदा १४ दिवसांचा सेन्सर, म्हणजे दंडावर चिकटवून शुगर सतत मोजणारं छोटं यंत्र, लावून घ्या. रात्रीचं सगळं त्यात दिसतं.

---

मी (धागा काढणारी):

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोनवर बाबांकडून जुने रिपोर्ट वाचून घेतले, क्रिएटिनिन १.५ आहे. आणि आईला पोट दाबून बघायला सांगितलं तर डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे, ती रोज तिथेच घेत होती कारण "तिथे दुखत नाही". क्लिनिकला फोन केला, डॉक्टर स्वतः बोलले, गोळी आजपासून बंद करायला सांगितली, गाठीवर सुई घ्यायची नाही म्हणाले, आणि जागा बदलल्यावर इन्सुलिन जास्त लागू पडू शकतं म्हणून त्याचाही डोस थोडा खाली आणलाय. शनिवारी बोलावलंय, मी जातेय सोबत. आबा, तुमचा टार्गेटचा प्रश्न वहीत पहिल्या ओळीत लिहिलाय. शमाताई, बाबांना वही दिलीये, त्यांनी लगेच पट्टीने रकाने आखले.

सेन्सरबद्दल अजून एक विचारायचंय. आई नऊवारी नेसते, ब्लाऊजची बाही घट्ट असते, दंडावर लावला तर घासून निघेल का? आणि आईकडे साधा फोन आहे, बाबांच्या स्मार्टफोनवर रात्री लो झाल्याचा अलार्म येऊ शकतो का, की त्यासाठी वेगळं रीडर घ्यावं लागतं? कुणी वयस्कर माणसाला लावला असेल तर सांगा.